लेगगार्डचा बोल्ट पुन्हा पुन्हा ढिला होतोय? आवळण्याआधी बैठक तपासा

“गार्ड वाजतोय, जरा आवळून द्या.” पावसाळा लागला की चिपळूणच्या आसपासच्या कुठल्याही गॅरेजात मोटरसायकलच्या लेगगार्डबद्दल हे वाक्य कानावर पडतं. कुंभार्ली घाट, परशुराम घाट, हायवेवरचे खड्डे, गावागावांतले गतिरोधक, गाडी दिवसभर आदळत असते. मिस्त्री पाना लावतो, बोल्ट अर्धा फेरा फिरतो, आवाज थांबतो. दोन-तीन आठवड्यांनी तीच गाडी, तीच बाजू, तोच बोल्ट. मग कोणीतरी अंगातला सगळा जोर काढून आवळतं आणि आटे तरी जातात, नाहीतर बोल्ट मानेत तुटतो.

एकदा नीट आवळलेला बोल्ट पुन्हा ढिला होत असेल तर आणखी आवळून काही साधत नाही. अशा गाड्यांपैकी बहुतेकांमध्ये गार्ड फ्रेमवर बसलेलाच नसतो, बोल्टाने ओढून धरलेला असतो. बैठक दुरुस्त केली की बोल्ट आपोआप टिकतो. आणि हे नुसत्या आवाजापुरतं नाही. बऱ्याच गाड्यांवर गार्डचा खालचा बोल्ट म्हणजे इंजिन माउंटिंगचाच, म्हणजे इंजिन फ्रेमला धरून ठेवणारा बोल्ट असतो. रॉयल एनफील्डच्या जुन्या सिंगल डाउनट्यूबच्या (पुढून खाली येणारा एकच पाइप असलेल्या) क्लासिक ३५० मध्ये किंवा केटीएमच्या ड्यूक ३९० मध्ये इंजिन हाच फ्रेमचा भार घेणारा भाग आहे. तिथला बोल्ट ढिला राहिला तर नुकसान गार्डचं नाही, फ्रेमच्या आणि क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या बाहेरच्या खोक्याच्या, कानांचं (बोल्टाचं भोक असलेल्या भागांचं) होतं.

नुसता पाना लावू नका, खूण करा

बोल्ट खरोखर फिरतोय, की न फिरताच ढिला पडतोय, हे आधी कळलं पाहिजे. दोन्हींची कारणं वेगळी आणि इलाजही वेगळे.

बोल्ट एकदा ठरलेल्या मापाने (ते पुढे दिलं आहे) आवळा, पेट्रोलने पुसा आणि बोल्टाच्या डोक्यावरून सुरू होऊन वायसरवरून गार्डच्या पट्टीपर्यंत जाईल अशी एक सरळ पातळ रेघ ऑइलपेंटने ओढा. नेलपेंटही चालतं. मागे नट असेल तर नटापासून बोल्टाच्या टोकावर दुसरी रेघ. आता नेहमीच्या रस्त्यावर आठवडाभर गाडी चालवा. आवाज परत आला की रेघ बघा.

रेघ तुटून दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसले तर बोल्ट फिरला. रेघ जशीच्या तशी सरळ आहे आणि तरीही गार्ड हलतोय, तर बोल्ट जागेवरच आहे, त्याच्याखालचं काहीतरी दबलं आहे. या दुसऱ्या प्रकाराकडे फारसं कोणी बघत नाही, म्हणून आधी तोच घेऊ.

रेघ सरळ, तरी गार्ड ढिला

गुहागरकडची एक जुनी क्लासिक ३५० डोळ्यांसमोर आहे. गार्ड जाड पाइपाचा, चांगला दणकट, वर पुढच्या पाइपला क्लॅम्प आणि खाली इंजिन माउंटिंगला पट्टी. उजवीकडचा खालचा बोल्ट सारखा ढिला. बोल्ट काढून वायसर उचलला तर खाली काळ्या पावडर कोटिंगची एक कड वर आलेली, वायसरच्या बाहेर गोल रिंगणासारखी. मधला रंग दाबून पातळ झाला होता आणि एका बाजूला चमकता पत्रा दिसत होता. पट्टी उलटी केली तर फ्रेमला टेकणाऱ्या बाजूलाही तेच. म्हणजे एका बोल्टाखाली रंगाचे दोन थर, शिवाय फ्रेमचा स्वतःचा रंग.

हे का होतं ते नीट समजून घ्या. बोल्ट आवळला की तो अगदी किंचित ताणला जातो आणि तो ताणच दोन पट्ट्या एकमेकींवर घट्ट दाबून धरतो. छोट्या जाडीच्या जोडात हा ताण मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजण्याइतका असतो. पावडर कोटिंग हा प्लॅस्टिकचाच थर, तो त्याहून जाड. इंजिनाची उष्णता आणि सततचा दाब यांनी तो हळूहळू चेपतो. थर थोडा जरी चेपला तरी बोल्टाचा बहुतेक ताण निघून जातो, आणि बोल्ट एक अंशसुद्धा फिरलेला नसतो. तुम्ही परत आवळता, रंग परत चेपतो.

उपाय सोपा आहे, पण जपून करायचा. जिथे धातू धातूला टेकतो आणि जिथे वायसर बसतो, तेवढ्याच जागेचा रंग काढा. पॉलिश पेपर किंवा बारीक कानस पुरे. ग्राइंडर लावू नका, पट्टी वाकडीतिकडी घासली जाते आणि बैठक आणखी बिघडते. वायसर ठेवून पेन्सिलीने गोल काढा, त्या गोलाच्या आतलंच खरवडा. उघड्या जागेवर झिंक स्प्रेचा अगदी हलका हात द्या, पूर्ण वाळू द्या, मग बसवा. आवळून झाल्यावर कडेने बाहेरून रंगाचा हात फिरवा, म्हणजे पाणी आत शिरणार नाही. किनाऱ्यालगतच्या गावांत ही शेवटची पायरी टाळली तर दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत पट्टीखाली गंजाचे पापुद्रे तयार होतात, आणि तेही रंगासारखेच चेपतात.

वायसरही बघा. भोक मोठं आणि वायसर पातळ असेल तर तो बशीसारखा आत दबलेला दिसेल. जाड, कडक वायसर घ्या, आणि पट्टीचं भोक लांबट असेल तर ते पूर्ण झाकेल एवढा मोठा.

रेघ सरकलेली असेल तर

इथे बोल्ट खरंच फिरतोय. सगळे म्हणतात कंपनामुळे फिरला. ते खरं, पण कसलं कंपन हे महत्त्वाचं. गेर्हार्ड युंकर या जर्मन इंजिनिअरने १९६९ मध्ये प्रयोगाने दाखवलं होतं की बोल्टाच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या धक्क्यांपेक्षा आडवी घसर बोल्टाला फार लवकर सोडवते. दोन पट्ट्या एकमेकींवर बाजूला सरकू लागल्या की आट्यांमधलं घर्षण सुटतं आणि बोल्ट स्वतःच उलटा फिरू लागतो. म्हणजे प्रश्न असा विचारायचा की पट्ट्या सरकतायत का?

त्याची परीक्षा करायला गाडी डबल स्टँडला घ्या. गार्डचे सगळे बोल्ट दोन-तीन आटे सैल करा, काढू नका. गार्ड उडी मारून एका बाजूला सरकला, किंवा पट्टी आणि फ्रेम यांच्यात फट पडली, तर गार्ड जबरदस्तीने बसवला होता. फिटिंगच्या वेळी भोकं जुळत नव्हती म्हणून टॉमी (लोखंडी दांडा) घालून ओढला असणार. तसा बसवलेला गार्ड स्प्रिंगसारखा ताणात राहतो, खड्ड्यागणिक बोल्टाला आडवा झटका देतो. असा बोल्ट कितीही आवळा, त्याची अर्धी ताकद गार्डला वाकवून धरण्यात खर्च होते आणि पट्ट्या दाबायला उरतच नाही.

गार्ड हाताने बसला पाहिजे. सगळे बोल्ट बोटांनी चार-पाच आटे गेले पाहिजेत, त्यानंतरच पाना. हे होत नसेल तर पुढे जाऊ नका. नवा गार्ड असेल तर परत करा, दुकानदाराला समोर लावून दाखवा. जुना असेल तर फट मोजा. फट दोन मिलिमीटर असो की सहा, तिथे वायसरांची चळत लावू नका. प्रत्येक वायसर म्हणजे सरकायला आणखी एक जागा. टर्नरकडे जाऊन बरोबर त्या मापाचा लोखंडी स्पेसर कापून घ्या, दोन्ही तोंडं लेथवर सपाट केलेला. काम छोटं आहे, पण गार्डचं आयुष्य त्याच्यावर ठरतं. भोक थोडंसंच हुकत असेल तर गोल कानशीने पट्टीचं भोक वाढवा. फ्रेमच्या भोकाला आणि इंजिनाच्या कानाला कधीही कानस लावायची नाही.

वरचा क्लॅम्प पाइपवर फिरत असेल तर क्लॅम्पचा व्यास मोठा आहे. आत रबराची पट्टी घालायची पद्धत आहे, पण जाड रबर सतत दबत जातं आणि क्लॅम्प सैल होतो. पाइपच्या मापाचाच क्लॅम्प मिळवा. रंगाला ओरखडा नको म्हणून रबर हवंच असेल तर पातळ आणि कडक घ्या, आणि क्लॅम्पच्या दोन ओठांमध्ये आवळल्यानंतरही थोडी फट राहते आहे ना, ते बघा. ओठ एकमेकांना टेकले की पाना लागतो घट्ट, पण पाइपवर पकड शून्य.

बोल्ट, नट आणि ते स्प्रिंग वायसर

गार्डबरोबर आलेल्या पुडीतले बोल्ट डोळे झाकून लावू नका. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा आहे का बघा. ८.८ म्हणजे ८०० मेगापास्कलला तुटणारा आणि त्याच्या ८० टक्क्यांना, म्हणजे ६४० ला, कायमचा ताणला जाणारा. आकडाच नसेल तर तो बोल्ट इंजिन माउंटिंगला लावायचा नाही. गंजत नाही म्हणून आपल्याकडे स्टेनलेसचे बोल्ट आवडीने लावतात. त्यावर साधारणपणे ए२-७० लिहिलेलं असतं आणि तो ४५० च्या आसपासच ताणला जातो, म्हणजे ८.८ पेक्षा बराच नरम. नंबरप्लेटला ठीक, माउंटिंगला नको. शिवाय ॲल्युमिनियमच्या भोकात स्टेनलेस आणि वर खारी हवा असली की ॲल्युमिनियम खायला लागतं आणि बोल्ट आतच धरून बसतो.

लांबी हा दुसरा दुर्लक्षित मुद्दा. मूळ बोल्ट फ्रेमसाठी मापून दिलेला असतो. त्यात गार्डची पाच मिलिमीटर पट्टी आली की तेवढे आटे कमी पकडले जातात. लोखंडात निदान बोल्टाच्या व्यासाइतके आटे आत गेले पाहिजेत, ॲल्युमिनियममध्ये दीड ते दोनपट. म्हणजे ८ एमएमचा बोल्ट ॲल्युमिनियमच्या भोकात १२ ते १६ मिलिमीटर. फार लांब बोल्टही घातक. बंद भोकात तो तळाला टेकतो, पाना घट्ट लागतो आणि गार्ड मात्र सैल. आट्यांचं अंतरही जुळवा. १० एमएमचे बोल्ट १.२५ आणि १.५ अशा दोन्ही पिचमध्ये मिळतात. चुकीचा पहिले दोन फेरे गोड फिरतो आणि मग अडतो. तिथे थांबायचं.

स्प्रिंग वायसरवर विसंबू नका. पूर्ण आवळला की तो सपाट होतो आणि साध्या वायसरसारखाच वागतो. आरपार बोल्ट असेल तर नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) वापरा, आणि प्रत्येक वेळी नवा. नायलॉनची कडी साधारण १२० अंशांपर्यंतच काम देते, त्यामुळे सायलेन्सरच्या बेंडजवळच्या बोल्टाला पूर्ण धातूचा लॉकनट हवा. बंद भोकात मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर (आटे जागेवर धरून ठेवणारा द्रव) घाला, लॉकटाइट २४३ किंवा त्याच जातीचं. बाटलीच्या रंगावर जाऊ नका, आतला द्रव निळा हवा. लाल द्रव म्हणजे पुढच्या वेळी बोल्ट तापवल्याशिवाय निघणार नाही, आणि इंजिनाच्या कानाजवळ गॅसची ज्योत कोणी नेऊ नये. दोन थेंब पुरतात. आटे आधी तेलमुक्त करून घ्या आणि रात्रभर गाडी उभी ठेवा.

किती आवळायचं? गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये त्या बोल्टाचा टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, दिलेला असतो, तोच अंतिम. कल्पना यावी म्हणून: लोखंडात ८ एमएमचा ८.८ बोल्ट साधारण २५ न्यूटन मीटर, १० एमएमचा ५० च्या आसपास. ॲल्युमिनियममध्ये कमी. लांब दांड्याच्या पान्याने हे हातावर कळत नाही, टॉर्क रेंच वापरणारा मिस्त्री शोधा.

माउंटिंगचा बोल्ट काढताना

इथे घाई केली तर इंजिन खाली बसतं आणि भोकं हुकतात. डबल स्टँड, मग इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा आणि जॅक. जॅक ड्रेन बोल्टावर किंवा पातळ झाकणावर टेकू नये. वजन उचलायचं नाही, फक्त आधार लागेल एवढाच. एका वेळी एकच बोल्ट. आरपार असेल तर नवा बोल्ट एका बाजूने ढकलत जुना दुसऱ्या बाजूने बाहेर काढा, म्हणजे भोक एक क्षणही रिकामं राहत नाही. बोल्ट हाताने सरकत नसेल तर हातोडी मारू नका, जॅक किंचित वर-खाली करा. बरोबर जागा आली की तो स्वतःहून मोकळा होतो.

गार्ड लावताना सगळे बोल्ट हाताने, मग इंजिन माउंटिंगचे टॉर्कवर, त्यानंतर वरचा क्लॅम्प, आणि डाव्या-उजव्या बाजूंना जोडणारी आडवी पट्टी सर्वांत शेवटी. ती आधी आवळली की दोन्ही बाजू खेचल्या जातात.

बोल्ट घट्ट, तरीही आवाज

गाडी ठरावीक वेगालाच झणझणत असेल तर गार्डवर काय काय टांगलंय ते बघा. फॉग लाइट पाइपच्या टोकाला लावले की टोक थरथरतं. ते क्लॅम्पच्या जवळ, आत घ्या. पाण्याचे कॅन, पाय ठेवायचे पेग यांचंही तेच. जुन्या क्लासिक ३५० च्या इंजिनात कंपन कमी करणारा बॅलन्सर नव्हता, त्यामुळे तिथे हे जास्त जाणवतं. २०२१ मध्ये आलेल्या क्लासिकच्या इंजिनात तो आहे.

टिकटिक किंवा ठकठक असेल तर जुनं व्हिजिटिंग कार्ड घ्या. गार्ड आणि बेंड, गार्ड आणि हॉर्न, गार्ड आणि रेडिएटरची जाळी, गार्ड आणि ब्रेक पेडल, प्रत्येक फटीतून ते फिरवा. जिथे अडेल तिथे ठोकर आहे. आपल्याकडची तांबडी माती पट्टीमागे साचून वाळली की तीही दगडासारखी वाजते, म्हणून आधी धुऊन घ्या. गार्ड काढून कानाशी हलवून पाहा. पाइपात पाणी शिरून गंजाचे खपले सुटले असतील तर खुळखुळ ऐकू येईल.

फक्त जोरात ब्रेक मारल्यावर किंवा मोठ्या खड्ड्यातच ठक् होत असेल तर पुढचं मडगार्ड गार्डला लागतंय. फोर्कच्या चकचकीत दांडीला सीलजवळ एक केबल टाय बांधा आणि फिरून या. टाय जिथवर सरकला तेवढा फोर्क दबला. त्यापेक्षाही पूर्ण दाबल्यावर काय होईल ते मोजा. क्लासिक ३५० च्या पुढच्या फोर्कची चाल १३० मिलिमीटर, हिमालयन ४११ ची २००. उभ्या गाडीत भरपूर वाटणारी जागा हिमालयनवर सहज संपते. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून वायरिंग आणि केबल अडकत नाहीत ना, हेही त्याच वेळी बघा.

गार्ड बदलायचाच असेल तर

जितका जाड तितका चांगला, हा समज सोडा. गाडी पडली की धक्का कुठेतरी जाणारच. गार्ड थोडा वाकला तर तो धक्का गार्डने खाल्ला. अजिबात न वाकणारा गार्ड तोच धक्का थेट माउंटिंगच्या कानाला देतो. वाकलेला गार्ड बदलता येतो, तुटलेला क्रँककेस खिसा रिकामा करतो. म्हणून पाइपच्या जाडीपेक्षा तो किती ठिकाणी पकडला आहे हे मी आधी बघतो. प्रत्येक बाजूला निदान दोन बिंदू आणि दोन्ही बाजू जोडणारी आडवी पट्टी असलेला गार्ड धक्का वाटून घेतो. एकाच बोल्टावर लटकणारा दिखाऊ गार्ड पडल्यावर त्या बोल्टाभोवती फिरतो आणि पायावर किंवा टाकीवर येतो.

रुंदी इंजिनाच्या कव्हरपेक्षा थोडी जास्त, बस. फार बाहेर आलेला गार्ड ट्रॅफिकमध्ये दुसऱ्याच्या हँडलात किंवा पायात अडकतो आणि घाटात गाडी कलली की रस्त्याला आधी तोच टेकतो. ऑइल फिल्टर, ड्रेन बोल्ट, प्लग गार्ड न काढता हाताशी यायला हवेत, नाहीतर प्रत्येक सर्व्हिसिंगला गार्ड सुटणार आणि प्रत्येक वेळी बैठक नव्याने जुळवावी लागणार. स्टेनलेस म्हणून देतायत का हे चुंबकाने कळतं, पण अर्धवटच. चुंबक जोरात चिकटला तर बहुधा क्रोम केलेलं साधं लोखंड. चिकटला नाही तरी ते ३०४ जातीचं स्टेनलेस की स्वस्त २०२, हे चुंबक सांगत नाही. खाऱ्या हवेत २०२ लवकर डागतं.

गाडी पडल्यानंतर

गार्ड सरळ दिसला तरी पट्टीजवळचं वेल्डिंग बघा. तिथे रंगात केसासारखी तांबूस रेघ असेल तर खाली चीर आहे. शंका असेल तर रॉकेल लावा, पाच मिनिटांनी कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसा आणि खडूची भुकटी चोळा. चिरेत मुरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्या भुकटीवर काळपट रेघ उमटते. हीच परीक्षा फ्रेमच्या आणि इंजिनाच्या कानांवरही करा. गार्डवर रेघ आली तर गार्ड बदला, वेल्डिंगवर वेल्डिंग चढवू नका. वाकलेला गार्ड पाइप घालून गाडीवरच सरळ करायची सवय तर पूर्ण बंद करा, त्यात सगळा जोर माउंटिंगवर येतो.

रेघ फ्रेमवर किंवा क्रँककेसच्या कानावर आली तर गाडी चालवत नेऊ नका, टेम्पोत घालून न्या. फ्रेमचं काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवूनच ठरवा. क्रँककेसच्या ॲल्युमिनियमला टिग वेल्डिंग करणारा माहितगार लागतो आणि तो इंजिन उतरवून, तेल पूर्ण काढूनच काम घेईल. गाडीवर असतानाच टाका मारून देतो म्हणणाऱ्याकडे गाडी सोडू नका.